यूपीएस आहे, तरी लाईट गेली की नेट जातं

आमच्या चिपळूणकडे पावसाळ्यात लाईट गेली तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. तारेवर फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो, कधी वरूनच बंद असते. पण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम घरी बसून करणारी मुलं गावात आली, तेव्हापासून एकच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते: "दादा, यूपीएस घेतला तरी वायफाय जातंच. फालतू निघाला." मी जाऊन बघतो, आणि बहुतेक वेळा यूपीएस बिचारा चांगला असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा, निम्मं काम तिथेच होतं.

अ) लाईट गेली त्या क्षणी दिवे एकदम विझून परत लागतात आणि दोन-चार मिनिटांनी नेट येतं. लाईट परत येताना पुन्हा तेच.

आ) राउटरचे दिवे चालू, मोबाईलवर वायफायच्या दांड्या पूर्ण, पण काहीही उघडत नाही.

इ) वीस मिनिटं, अर्धा तास छान चालतं. मग राउटर आपोआप बंद-चालू व्हायला लागतो.

ई) लाईट नसताना सगळं ठीक, आणि लाईट आल्यावर बंद पडतं! हे ऐकून लोक हसतात, पण हे खरं आहे.

उ) नवीन होता तेव्हा तीन तास चालायचा, आता जेमतेम पंधरा मिनिटं.

खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन-तीन फुकट आहेत, आणि त्या न करताच लोक नवा यूपीएस मागवतात.

पेट्या किती, ते मोजा

तुमच्याकडे नेटची एक पेटी आहे की दोन? फायबरची बारीक तार जिथे येऊन टोचलेली असते ती ओएनटी. काहींच्या ओएनटीमध्येच वायफाय असतं, काहींकडे तिच्यापुढे वेगळा राउटर असतो. दोन पेट्या असतील तर दोघींना बॅटरी हवी.

मार्गताम्हाण्याच्या एका मावशींकडे भाच्याने पुण्याहून मिनी यूपीएस, म्हणजे राउटरला थेट १२ व्होल्ट देणारी छोटी बॅटरीची पेटी, आणून लावला होता. राउटर कपाटावर दिमाखात बसलेला, त्याला यूपीएस. ओएनटी मात्र टीव्हीच्या मागे, धुळीत, टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सच्या एक्स्टेंशन बोर्डात खुपसलेली. लाईट गेली की वायफाय जिवंत आणि त्याला नेट पुरवणारी पेटी मेलेली. लक्षण 'आ' अगदी तंतोतंत. मावशी म्हणाल्या, "अरे, आमचा जुना फोन तर लाईट गेली तरी चालायचा, मग ह्याला काय धाड भरली?"

प्रश्न चुकीचा नाही. जुन्या फोनच्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा पाठवायचं, आणि तिथे मोठ्या बॅटऱ्या असायच्या. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे तुमच्या टोकाची पेटी तुमच्याच विजेवर चालणार. मावशींच्या मिनी यूपीएसला १२ व्होल्टची दोन तोंडं होती, एक रिकामंच होतं. ओएनटी उचलून राउटरशेजारी आणण्याइतकी फायबर नशिबाने मागे गुंडाळून ठेवलेली होती. खर्च शून्य, वर चहा मिळाला.

फायबर हलवताना मात्र तिला कोनात मुडपू नका, आणि टोक काढलंत तर त्यात डोकावू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

घरात लाईट असताना स्वतःच घालवून बघा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. सगळीकडे लाईट असताना फक्त यूपीएस ज्या प्लगवर आहे त्याचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं काहीतरी बघत बसा.

नेट चालूच राहिलं, पण खरोखरची लाईट गेली की मात्र जातं, असं असेल तर दोष घराबाहेर आहे. तुम्ही कितीही मोठी बॅटरी आणा, फरक पडणार नाही. अशा वेळी पुढच्या खऱ्या वीजबंदीत ओएनटीचे दिवे बघा. पॉनचा दिवा हिरवा, स्थिर असेल तर पलीकडून प्रकाश येतोय. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच बंद झालाय, म्हणजे ज्या टोकाहून तो निघतो तिथली वीज गेली असणार. अस्सल फायबर जोडणीत मधल्या खांबावरच्या स्प्लिटरला (एका फायबरच्या अनेक वाटा करणारी डबी) वीज लागत नाही, सगळा भार त्या दुसऱ्या टोकावर असतो.

आमच्याकडे आणखी एक प्रकार सर्रास आहे. फायबर वाडीतल्या एका पेटीपर्यंत येते, आणि तिथून पुढे घरोघरी साधी लॅन केबल. त्या पेटीतल्या स्विचला (घरोघरी नेट वाटणारं यंत्र) वीज कुणाच्या तरी पडवीतून किंवा दुकानातून दिलेली असते. त्या घराची लाईट गेली की अख्ख्या आळीचं नेट जातं. तुमच्या घरात ओएनटी नसेल आणि लॅन केबल थेट राउटरच्या निळ्या किंवा पिवळ्या भोकात जात असेल, तर लाईट गेल्यावर त्या भोकाचा दिवा बघा. बाहेरून नेट येतं त्या भोकाला वॅन म्हणतात. तो दिवा विझत असेल तर केबलवाल्याला नेमकं हेच सांगा: "माझा राउटर चालू असतो, वॅनचा दिवा जातो." नुसतं "नेट नाही" म्हटलं तर तो तुम्हालाच राउटर बंद-चालू करायला लावेल. आमच्या आळीत चार घरांनी वर्गणी काढून त्या पेटीत यूपीएस ठेवला, तेव्हा कुठे प्रश्न सुटला.

आणि काही वेळा काहीच इलाज नसतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात शहर पाण्याखाली होतं, मोबाईलची रेंजसुद्धा गेली होती. तिथे घरातली बॅटरी काय करणार?

इन्व्हर्टर असेल तर आधी तिकडे वळा

घरात १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असताना राउटरसाठी वेगळं काही घेणं म्हणजे विहिरीशेजारी बोअर मारणं. १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॉट-तास. राउटर त्याला जाणवणारही नाही. पण दोन गोष्टी बघा.

एक, राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का? वायरमनने सहसा पंखे, ट्यूब आणि एखाद-दुसरा प्लग एवढंच त्यावर घेतलेलं असतं. टीव्हीमागचा प्लग बहुधा नसतो. लाईट नसताना तिथे मोबाईलचा चार्जर लावा, कळेल.

दोन, इन्व्हर्टरवरचं मोडचं बटण. बहुतेक इन्व्हर्टरवर एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. नॉर्मलमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जरा जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. यूपीएस मोडमध्ये हे सुमारे १० मिलिसेकंदांत होतं. लक्षण 'अ' असेल तर आधी हे बटण बघा. खेर्डीत एका घरी मी दाराशी चपला काढल्या, बटण सरकवलं आणि चपला घातल्या. एवढंच काम होतं.

यूपीएस मोडचा एक तोटा आहे. त्यात व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी रोज विनाकारण वापरली जाईल. अशा घरात मी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवतो आणि राउटरला छोटा मिनी यूपीएस लावतो. बॅटरीवर जातानाचा तो झटका मिनी यूपीएस गिळतो, आणि पुढे त्याला इन्व्हर्टरची वीज मिळत राहते.

मोड बरोबर असूनही राउटर बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर बदलून बघा. आतला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) म्हातारा झाला की तो क्षणभराचीही कळ काढू शकत नाही.

पिना आणि अडॅप्टरवरची बारीक अक्षरं

आता मिनी यूपीएसवाल्यांसाठी. चष्मा लावा आणि राउटरच्या, ओएनटीच्या आणि यूपीएसच्या अडॅप्टरवरचं 'आउटपुट' वाचा. आजकाल बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतं, पण जुने छोटे राउटर ९ व्होल्टचेही आहेत. मिनी यूपीएसला ५, ९ आणि १२ अशी वेगवेगळी तोंडं असतात, आणि पिना मात्र सारख्याच दिसतात. ९ वाल्याला १२ मध्ये लावलंत तर पुढची तपासणी करायला राउटर शिल्लक राहीलच असं नाही. काही मिनी यूपीएसना लॅनसारखं दिसणारं एक भोक असतं, त्यावर पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणं) लिहिलेलं असतं. त्यातून १५ किंवा २४ व्होल्ट येतात. राउटरची साधी लॅन केबल तिथे लावू नका.

पिनेची जाडी हा वेगळाच छळ आहे. बाहेरून सगळ्या ५.५ मिलिमीटरच्या, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ चं. राउटरच्या आतली काडी २.१ ची आणि वायरची पिन २.५ ची असली की ती आत जाते, दिवेही लागतात, पण पकड ढिली राहते. मांजर शेजारून गेलं तरी राउटर बंद-चालू. पिन लावून हळूच गोल फिरवा. दिवे लुकलुकले तर दोष सापडला. वीस-तीस रुपयांची वायर बदला, टेप गुंडाळत बसू नका.

मग लक्षण 'ई'. लाईट आल्यावर बंद पडण्याचं कारण असं. बरेच मिनी यूपीएस राउटरचाच जुना अडॅप्टर वापरतात. तो असतो १२ व्होल्ट १ अँपिअरचा, एकट्या राउटरपुरता. तासाभराच्या वीजबंदीनंतर त्याला राउटरही चालवायचा असतो आणि रिकामी झालेली बॅटरीही भरायची असते. एका बैलाला दोन नांगर. व्होल्टेज खाली येतं आणि राउटर मान टाकतो. खात्री करायची असेल तर अडॅप्टरला हात लावा, चांगलाच तापलेला असेल. रात्रभर चार्ज झाल्यावर सकाळी त्रास थांबत असेल तर शंकाच नको. १२ व्होल्ट २ किंवा ३ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. जास्त अँपिअरचा चालतो, कारण लागेल तेवढंच ओढलं जातं. जास्त व्होल्टचा मात्र चालत नाही. यूपीएसच्या 'इनपुट'समोर काय लिहिलंय ते आधी वाचा.

मल्टिमीटर

इथपर्यंत सापडलं नाही तर दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर लागेल. डीसी २० व्होल्टच्या घरावर ठेवा. हा भाग १२ व्होल्टचा आहे, शॉक लागायची भीती नाही. पण दोन्ही टोचण्या एकमेकींना चिकटू देऊ नका.

नुसत्या रिकाम्या तोंडावर मोजून काही कळत नाही. ओझ्याशिवाय कोणतीही मरायला टेकलेली बॅटरी बारा दाखवते. राउटर एका तोंडाला लावून ठेवा आणि दुसऱ्या १२ व्होल्टच्या तोंडात मोजा. बहुतेक मिनी यूपीएसमध्ये ती दोन्ही आतून एकत्रच असतात, त्यामुळे राउटरला काय मिळतंय ते तिथे दिसतं. लाल टोचणी मधल्या काडीला, काळी आतल्या कडेला.

मागच्या जूनमध्ये एका मुलाची ऑनलाईन मुलाखत दोनदा मध्येच तुटली होती. लक्षण 'इ'. त्याच्याकडे बसून दर पाच-सात मिनिटांनी आकडा लिहिला. प्लग बंद करताक्षणी १२.२. मग ११.८. मग ११.४, ११.०, १०.६. सव्वीसाव्या मिनिटाला १०.१, आणि राउटरचे सगळे दिवे एकदम गेले. दोन सेकंदांनी परत लागले, परत गेले. राउटर बंद झाला की ओझं उतरतं, व्होल्टेज वर येतं, राउटर उठतो, की पुन्हा खाली. चरकातल्या उसासारखं आत-बाहेर.

याचा अर्थ त्या यूपीएसमध्ये तीन सेल एकामागे एक जोडून थेट बाहेर काढलेले होते. असे तीन लिथियम सेल भरलेले असताना १२.६ व्होल्ट देतात, मधे ११.१ च्या आसपास असतात आणि रिकामे होताना ९ पर्यंत उतरतात. बॅटरीत अजून जीव असतो, पण तो राउटरच्या कामाचा नसतो. चांगल्या यूपीएसमध्ये व्होल्टेज सावरणारं सर्किट असतं. तो शेवटपर्यंत १२ च्या आगेमागे धरून ठेवतो आणि मग एकदाच बंद होतो. त्या मुलाच्या यूपीएसला दुरुस्ती नव्हती. त्याने तो एलईडी पट्टीला लावला, तिथे मस्त चालतो.

दुसरा नमुना म्हणजे आकडा १२ वर स्थिर, आणि दुसरी पेटी जोडताच शून्य. हे ओझं जास्त झाल्याचं लक्षण. पेटी चालू होताना नेहमीपेक्षा जास्त अँपिअर ओढते, यूपीएसचं संरक्षण घाबरून बंद होतं. दोन्ही अडॅप्टरवरच्या अँपिअरची बेरीज करा आणि यूपीएस तेवढं देतो का बघा.

तिसरा, म्हणजे 'उ'. आकडे चांगले, पण पंधरा मिनिटांत खेळ खलास. सेल म्हातारे झाले. कौलाखाली माळ्यावर, एप्रिल-मेच्या उकाड्यात ठेवलेला यूपीएस लवकर म्हातारा होतो. राउटरच्या डोक्यावर ठेवलेलाही.

घ्यायचाच असेल तर

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ८८०० एमएएच लिहिलं असेल तर तो आकडा सहसा एका सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, १२ व्होल्टचा नाही. ८.८ गुणिले ३.७, म्हणजे साडेबत्तीस वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना थोडी वीज वाया जाते, सत्तावीस-अठ्ठावीस धरा. वायफायवाली ओएनटी प्रत्यक्षात ७ वॉटच्या आसपास खात असेल तर चार तास. ओएनटी आणि राउटर मिळून ११ वॉट झाले तर अडीच. आणि हे नव्या बॅटरीचं गणित आहे. मी नेहमी लागेल त्याच्या दीडपट घ्यायला सांगतो, म्हणजे दोन वर्षांनी पुरेसं उरतं. वॉट-तास छापलेलेच नसतील तर तो यूपीएस मी घेत नाही. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि सेलसाठी आयएस १६०४६ हा क्रमांकही बघतो.

"घरात कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस पडलाय, तोच लावू का?" लावा, चालेल. पण आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते, ८४ वॉट-तासाची. त्याचे आधी २३० व्होल्ट करायचे आणि अडॅप्टरने परत १२ करायचे, यात यूपीएस स्वतःच राउटरएवढं खातो. बॅटरी नवी असली तरी हाती दोन-तीन तास लागतात. वर टिवटिव ऐका. काही मॉडेल तर इतकं कमी ओझं बघून "काहीच जोडलेलं नाही" असं समजून आपणहून बंद होतात.

लिथियम आयर्न फॉस्फेटवाला मिळाला आणि जरा महाग पडला तरी घ्या. उष्णता जास्त सोसतो आणि जास्त वर्षं टिकतो. टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, फोन चार्जर असलं काही त्यावर टांगू नका. राउटरच्या यूएसबीत लावलेला पंखासुद्धा मी एका घरी काढलाय.

मिनी यूपीएसचा एक फायदा कुणी सांगत नाही. विजा कडकडायला लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवायचा, नेट चालूच राहतं. फायबर काचेची असल्याने तिच्यातून झटका येत नाही. खांबावरून लॅन केबल येत असेल तर मात्र तीही काढा.

इथे हात थांबवा

यूपीएस किंवा इन्व्हर्टरचं झाकण उघडू नका. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर भरलेले असतात. इन्व्हर्टरच्या लाईनवर नवा प्लग घ्यायचा असेल तर परवानाधारक वायरमनलाच बोलवा. फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याच लाईनचा घेतला गेला की ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं सुरक्षेचं बटण) सारखा पडत राहतो, आणि मग लोक ईएलसीबीच काढून टाकतात. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीच्या प्लगमध्ये ढकलायची युक्ती कुणी सांगितली तर त्याला घराबाहेर काढा. तसं केलं तर हातातल्या उघड्या पिनेत २३० व्होल्ट असतात आणि तीच वीज तारेवरून डीपीकडे जाते, जिथे वायरमन काम करत असतो.

एलओएस लाल असेल आणि घरात लाईट असतानाही तसाच राहत असेल तर नेटवाल्याला बोलवा. फायबरचं टोक घासून-पुसून काही होत नाही.

मिनी यूपीएसचं खोकं फुगलं असेल, गोडसर उग्र वास येत असेल किंवा काही न करता तापत असेल तर "आजचा दिवस चालवू" म्हणू नका. आधी भिंतीतला प्लग काढा, मग राउटरची पिन. उघडून सेल बदलायचा मोह नको, टोचलेला लिथियम सेल पेट घेतो. तो घराबाहेर फरशीवर, पाऊस लागणार नाही असा, लाकूड-कपड्यापासून लांब ठेवा आणि कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची व्यवस्था करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा जिथून घेतला त्या दुकानदारालाच आधी विचारा. तोपर्यंत राउटर साध्या अडॅप्टरवर चालू द्या, आणि लाईट गेली की मोबाईलचा हॉटस्पॉट.